पिकअपचा रेडिएटर पुन्हा पुन्हा का फुटतो?

पिकअपचा रेडिएटर एकदा गेला तर त्यात शोधण्यासारखं फारसं नसतं. प्लॅस्टिकच्या टाक्या उष्णतेनं ठिसूळ होतात, जाळी झिजते, कधी दगड लागतो. पण नवा बसवल्यावर काही महिन्यांत दुसरा गेला आणि मग तिसराही ठिबकायला लागला, तर पाणी दुसरीकडेच कुठंतरी मुरतंय हे नक्की. अशा गाडीत रेडिएटर मार खात असतो. मारणारा इंजिनात, चेसिसमध्ये, वायरिंगमध्ये किंवा आत भरलेल्या कूलंटमध्ये (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवात) लपलेला असतो. तो सापडेपर्यंत कितीही चांगल्या प्रतीचा रेडिएटर आणला तरी त्याची गत तीच होणार.

म्हणून पहिली विनंती: काढलेला रेडिएटर भंगारात देऊ नका. शक्य असेल तर त्याच्या आधीचाही मागून घ्या. धुण्यापूर्वी रंगाच्या पेननं त्यावर वरची बाजू, ड्रायव्हरची बाजू आणि इंजिनकडची बाजू अशा खुणा करा. मग तोंडं बुचांनी बंद करून, रेडिएटरच्या कॅपवर (झाकणावर) लिहिलेल्या दाबापेक्षा जास्त हवा न भरता, पाण्यात बुडवा आणि बुडबुडे येतील त्या जागेभोवती वर्तुळ काढा. ही खूण असली की पुढचं निम्मं काम झालेलं असतं. खूण नसेल तर सगळा अंदाजाचा खेळ.

फूट कुठं आहे, तिथून सुरुवात

आजच्या बहुतेक पिकअपमध्ये मधली जाळी ॲल्युमिनियमची आणि दोन्ही टोकांच्या टाक्या काचतंतू मिसळलेल्या नायलॉनच्या असतात. सगळ्या नळ्या ज्या पट्टीत बसतात ती हेडर. हेडरच्या कडेचे दात टाकीवर वाकवून दाबलेले असतात आणि मध्ये रबरी सील असतं. हा जोड म्हणजे क्रिम्प. एवढी रचना लक्षात ठेवली की फुटलेली जागा बोलायला लागते.

क्रिम्पचे दात उघडलेत किंवा टाकी फुगलीय, तर आत दाब जास्त झालाय. टाकी तपकिरी पडून चिरा गेल्या असतील, तर ती दीर्घकाळ जास्त तापलीय. होस (रबरी पाइप) ज्या नळीवर चढतो ती मान तुटली असेल, तर इंजिन हलतंय किंवा होस ताणलेला आहे. मागच्या बाजूला, म्हणजे पंख्याकडं, कमानीसारखा ओरखडा असेल तर पंखा लागलाय. पुढच्या बाजूला एकाच जागी पत्र्या आत दबून भोक पडलं असेल तर तो दगड, त्यात गूढ काही नाही. नळ्यांच्या मध्यावर विखुरलेली टाचणीएवढी भोकं आणि आसपास पांढरी पावडर असेल, तर आतून गंज खातोय. वाहून जाणारी वीज किंवा मेलेलं कूलंट ही त्याची दोन कारणं.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो हेडरजवळ नळीला गेलेल्या चिरेचा. जाळीच्या वर आणि खाली जाड पट्ट्या असतात. नळ्या तापून लांबतात आणि पट्टी तेवढी लांबत नाही, म्हणून कोपऱ्यातल्या नळ्यांवर ताण येतो. बऱ्याच वर्षांनी कोपऱ्यात चीर जाणं हे म्हातारपण आहे. नव्या रेडिएटरला थोड्याच दिवसांत त्याच कोपऱ्यात चीर गेली, किंवा समोरासमोरच्या तिरप्या दोन कोपऱ्यांत गेली, तर त्याला कोणीतरी पिळतंय.

दोन रेडिएटर शेजारी ठेवून बघण्याचा फायदा इथं आहे. दोन्ही एकाच जागी गेले असतील तर मी आधी यांत्रिक कारण शोधतो: पीळ, ओढ, घासणं. दोन्ही वेगवेगळ्या जागी गेले असतील तर दाब किंवा रसायन यांच्याकडं बघतो, कारण ते दरवेळी त्या त्या रेडिएटरची सगळ्यात कच्ची जागा शोधतात. आणि एक प्रश्न गाडीमालकाला नक्की विचारा: डॅशबोर्डमागचा हीटर कोअर, म्हणजे केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर, तोही कधी गळला होता का? तो कॅबमध्ये सुरक्षित बसलेला असतो, त्याला ना चेसिसचा पीळ पोचतो ना दगड. तोही गेला असेल तर चेसिस आणि माउंटिंग मागं ठेवा, वीज, कूलंट आणि दाब आधी तपासा.

दाब कुठून येतो

कूलिंग सिस्टीम दाबाखालीच चालते आणि ते गरजेचं आहे. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकोल असं मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंश सेल्सिअसला उकळतं, तर १ बारच्या कॅपखाली १२९ अंशांच्या आसपास. पण हा दाब टाकीवर किती जोर लावतो याचा अंदाज घ्या. ६० सेंटिमीटर लांब आणि ५ सेंटिमीटर रुंद टाकीचं क्षेत्रफळ ३०० चौरस सेंटिमीटर झालं. ०.९ बारच्या कॅपवर तिला सुमारे २७५ किलोचा जोर हेडरपासून लांब ढकलत असतो. १.१ बारची कॅप लावली की तोच जोर साडेतीनशे किलोच्या जवळ जातो. म्हणून "जास्त दाबाची कॅप लावा, गाडी उकळणार नाही" हा सल्ला ऐकू नका. कॅपवरचा आकडा कंपनीनं सांगितला तोच हवा. टेस्टरवर लावून ती त्या आकड्याला सुटते का तेही बघा, कारण नवी कॅपसुद्धा अडकलेली निघू शकते. कॅपमध्ये एक उलटा झडपही असतो, जो इंजिन गार होताना शेजारच्या ओव्हरफ्लो बाटलीतून कूलंट परत आत ओढून घेतो. तो चिकटला असेल तर सकाळी वरचा होस चपटा पडलेला दिसतो.

कॅप ठीक असूनही दाब वाढत असेल, तर ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरतोय का हा खरा प्रश्न. हेड गॅस्केटची (इंजिन ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधल्या सीलची) बारीक गळती अशी असते की ऑइल स्वच्छ, धूर नाही, गाडी ओढतेही छान, फक्त रेडिएटर टिकत नाही. साधी तपासणी अशी: रात्रभर थंड झालेल्या गाडीचा वरचा होस सकाळी दाबून बघा, तो मऊ हवा. कॅप सावकाश उघडताना फुस्स करून दाब सुटला तर तो वायू रात्रभर आत कोंडलेला होता, कारण थंड झालेल्या पाण्याचा दाब शिल्लक राहत नाही. मग कॅप लावून इंजिन सुरू करा. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच कूलंटला रेडिएटरकडं सोडणारी झडप) उघडण्याच्या कितीतरी आधी, एकदोन मिनिटांतच होस कडक झाला, तर शंका पक्की करा. (गरम इंजिनची कॅप कधीही उघडू नका. झाकण सुटताक्षणी आतलं पाणी वाफ होऊन अंगावर येतं.)

खात्रीसाठी ब्लॉक टेस्टर, म्हणजे कूलंटवरच्या हवेत ज्वलनाचा वायू शोधणारं साधन, वापरा. त्यातलं निळं द्रव कार्बन डायऑक्साइडमुळं पेट्रोल इंजिनात पिवळं होतं, डिझेलमध्ये बहुधा हिरवट. टेस्टरनं कूलंट वर ओढलं गेलं तर चाचणी फुकट जाते, म्हणून आधी पातळी थोडी खाली घ्या.

आता डिझेल पिकअपबद्दल थोडं सविस्तर, कारण इथंच निदान चुकतं. आयडलवर, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन नुसतं चालू असताना, डिझेल इंजिनच्या सिलिंडरमध्ये हवा भरपूर आणि इंधन थोडं, त्यामुळं कार्बन डायऑक्साइडही कमी. वर टर्बोचा बूस्ट (दाबून भरलेली जादा हवा) नसतो. म्हणून गॅरेजमध्ये उभ्या गाडीवर चाचणी स्वच्छ येते आणि "गॅस्केट ठीक आहे" असं सांगून गाडी परत जाते. चिप बदलून ताकद वाढवलेल्या इंजिनात बूस्ट चढला की हेड क्षणभर उचललं जातं, वायू पाण्यात शिरतो आणि पाय सुटला की सगळं पुन्हा बसतं. अशी गळती पकडायची तर कूलंटच्या लाइनमध्ये टी (तीन तोंडांचा जोड) जोडून दाबाचं गेज कॅबमध्ये आणा आणि भरलेली गाडी चढावर चालवा. तापमान स्थिर असताना काटा बूस्टबरोबर उडी मारत असेल, तर आणखी पुरावा लागत नाही. हे काम कंटाळवाणं आहे, पण चौथ्या रेडिएटरपेक्षा स्वस्त आहे.

डिझेलमध्ये दुसरा संशयित ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत सोडायचा एक्झॉस्ट गार करणारा भाग. त्यात एका बाजूनं एक्झॉस्ट आणि दुसऱ्या बाजूनं कूलंट वाहतं. तो आतून फुटला की बाहेर एक थेंबही न पडता कूलंट कमी होतं, सायलेन्सरमधून गोडसर वासाची पांढरी वाफ येते आणि जोरात असताना एक्झॉस्ट उलट पाण्यात शिरू शकतो. हेड खोलण्यापूर्वी ईजीआर कूलर बाजूला काढून प्रेशर टेस्ट करा. फक्त गॅस्केटवर बोट ठेवून हेड उतरवलेल्या गाड्यांमध्ये खरा दोष इथं सापडतो.

वीज

ही बाब इतकी दुर्लक्षित आहे की मी ती प्रत्येक वारंवार फुटणाऱ्या रेडिएटरसाठी तपासतो, फुटीची जागा काहीही असो. मल्टिमीटर आणि थोडा धीर, एवढंच लागतं.

इंजिन थंड असताना कॅप उघडा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि लाल पिन कॅपच्या तोंडातून कूलंटमध्ये बुडवा. पिन कुठल्याही धातूला टेकता कामा नये. ॲल्युमिनियम रेडिएटरसाठी आकडा ०.१ व्होल्टच्या आत हवा. ०.३ च्या पुढं गेला तर तो रेडिएटर मरायला टेकलाय असं समजा. आधी सगळं बंद ठेवून आकडा लिहा. मग कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा आणि तेव्हाचा आकडा बघा. मग इंजिन चालू ठेवून एकेक वस्तू लावा: हेडलाइट, ब्लोअर, एसी, वायपर, रेडिओ, जादा दिवे, विंच (अडकलेली गाडी ओढायची मोटर), ट्रेलरची वायरिंग. ज्या क्षणी आकडा उडी मारेल त्या वस्तूची अर्थ (करंट बॅटरीकडं परत नेणारी जोडणी) खराब आहे. ती आपला करंट परत पाठवायला कूलंटचा रस्ता वापरतेय.

स्टार्टर मारतानाच आकडा चढत असेल तर इंजिन आणि बॅटरी यांच्यामधली अर्थची पट्टी बघा. क्लच किंवा गिअरबॉक्सच्या कामात ती काढलेली असते आणि परत लावायची राहून जाते, किंवा रंगावर, गंजावर बसवलेली असते. स्टार्टर फिरत असताना बॅटरीचं निगेटिव्ह आणि इंजिन ब्लॉक यांच्यामधला फरक ०.२ व्होल्टच्या आत हवा.

सगळं बंद असतानाही आकडा जास्त दिसत असेल, तर बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा आणि काळी पिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर ठेवून परत मोजा. आकडा तसाच राहिला तर बाहेरून वीज येत नाही, कूलंट स्वतःच इंजिनच्या वेगवेगळ्या धातूंमध्ये बॅटरीसारखं काम करतंय. त्यातले गंजरोधक संपलेत. ते पूर्ण काढून टाका.

जादा दिवे आणि विंच हे पिकअपमध्ये नेहमीचे. त्यांची अर्थ बहुधा हाताशी आलेल्या बोल्टवर घेतलेली असते आणि तो बोल्ट नेमका रेडिएटर सपोर्टचा असतो, तोही रंगवलेल्या पत्र्यावर. अशी प्रत्येक वायर काढून थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत न्या. यावर उपाय म्हणून रेडिएटरच्या जाळीलाच अर्थ वायर जोडा असंही कोणी सुचवतं. ते करू नका. रेडिएटर रबरात आणि प्लॅस्टिकच्या टाक्यांमध्ये वेगळा ठेवलेला असतो. त्याला अर्थ दिली तर भटक्या करंटला कूलंटमधून जायला सरळ वाट मिळते आणि जाळी अधिक लवकर खाल्ली जाते.

पीळ आणि ओढ

पिकअपची चेसिस शिडीसारखी असते आणि ती पिळली जावी अशीच बनवलेली आहे. इंजिन चेसिसवर स्वतःच्या माउंटिंगवर बसतं, तर रेडिएटर पुढच्या सपोर्टवर, आणि तो सपोर्ट बॉडीच्या रबरी माउंटवर. म्हणजे इंजिन आणि रेडिएटर एकमेकांच्या संदर्भात कायम हलत असतात. मधले होस आणि बुश हे हलणं पचवतात. त्यातलं एखादं रबर मेलं की सगळी हालचाल टाकीच्या मानेवर आणि कोपऱ्यातल्या नळ्यांवर येते.

खालच्या पिना ज्या रबरी बुशमध्ये बसतात ते बुश जागेवर आहेत का? बदलीच्या कामात जुने बुश जुन्या रेडिएटरबरोबरच निघून जातात आणि नवा थेट पत्र्यावर बसतो, हे फार वेळा बघायला मिळतं. नीट बसलेला रेडिएटर हातानं हलवला की काही मिलिमीटर हलायला हवा. दगडासारखा पक्का असेल तर ती मजबुती समजू नका, सपोर्टचा प्रत्येक पीळ आता जाळी सहन करतेय. सपोर्टखालचे बॉडी माउंट चेपलेले किंवा गंजून खचलेले असतील तर एका बाजूनं बॉनेटची फट वेगळी दिसते. तीही एक खूण.

इंजिन माउंटिंगसाठी बॉनेट उघडं ठेवून, चाकांना अडण लावून, हँडब्रेक आणि फूटब्रेक दोन्ही दाबून, गिअरमध्ये हलकासा जोर देऊन बघा. बघणाऱ्यानं बाजूला उभं राहायचं, गाडीच्या पुढं कधीच नाही. इंजिन एका बाजूनं उचललं जाऊन वरचा होस ताणला जात असेल तर कारण सापडलं. बॉडी लिफ्ट केलेल्या गाड्यांत हे विशेष बघा: बॉडी वर गेली, इंजिन खालीच राहिलं, आणि मूळ लांबीचे होस कायम ओढत राहिले. तिथं लांब होस आणि खाली सरकवलेला श्राउड (पंख्याभोवतीचं कडं) लागतो.

पाण्यातून गाडी काढणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. पट्ट्यावर फिरणारा पंखा खोल पाण्यात गेला की पाती पुढं वाकतात आणि जाळीला लागतात. पंखा ज्यावर बसतो त्या विस्कस फॅन क्लचचं बेअरिंग सैल असेल तर पाणी नसतानाही हेच होतं. पंखा हातानं पुढंमागं हलवून बघा, खेळ अजिबात नको.

कूलंट

रंगावर विश्वास ठेवू नका. हिरवा, गुलाबी, निळा यांचा कोणताही सर्वमान्य नियम नाही. सिलिकेट असलेलं जुन्या पद्धतीचं कूलंट साधारण दोन वर्षांचं, सेंद्रिय आम्लावर आधारलेलं साधारण पाच वर्षांचं. दोन्ही एकत्र केली तर आयुष्य कमी होतं आणि कधी जेलीसारखा गाळ बसतो. गाडीच्या पुस्तकात लिहिलेला प्रकार शोधा आणि डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाण्यातच मिसळा. जड पाण्यातले क्षार थर बनवतात आणि क्लोराइड ॲल्युमिनियमला बारीक खड्डे पाडतात. पट्टीनं पीएच बघा, ७ च्या खाली गेलेलं कूलंट आम्ल झालेलं आहे.

गळती थांबवणारी पावडर किंवा द्रव आधी कोणी टाकलं होतं का, हेही विचारा. ते अरुंद नळ्यांत आणि हीटर कोअरमध्ये साचतं. आणि सिस्टीम साफ करायला आम्लयुक्त केमिकल वापरलं असेल तर ते पूर्ण धुऊन निघालं पाहिजे. उरलेलं आम्ल नव्या जाळीवर पहिल्या दिवसापासून काम करतं.

राहिलेल्या गोष्टी

डॅशबोर्डचा काटा मध्यावर आहे म्हणजे तापमान ठीक आहे असं नाही. अनेक गाड्यांत तो मोठ्या पट्ट्यात मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. स्कॅनर लावून खरा आकडा वाचा, विशेषतः माल भरून चढावर. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधला चिखल वरून दिसत नाही, टॉर्चचा प्रकाश टाकून बघा आणि इंजिनच्या बाजूनं पुढं, कमी दाबाच्या पाण्यानं धुवा. जेट लावला तर पत्र्या आडव्या पडतात.

ऑटोमॅटिक गाडीत रेडिएटरच्या टाकीतच गिअरबॉक्स ऑइलचा कूलर असेल तर तो आतून फुटून दोन्ही द्रवं मिसळू शकतात. २००५ ते २०१० च्या निसान फ्रंटियरमध्ये हा प्रकार चांगलाच गाजला होता. गुलाबी, दुधासारखा चिकट पदार्थ दिसला तर गाडी अजिबात चालवू नका, पाणी गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेटांचं अस्तर सोडवतं. अशा गाड्यांना बाहेर वेगळा कूलर लावणं हा माझ्या मते एकमेव शहाणा उपाय.

आणि कधीकधी भागच वाईट असतो. वरच्या सगळ्या चाचण्या स्वच्छ आल्या तरच हा निष्कर्ष काढा. मग मूळ रेडिएटर आणि बदली यांची जाळीची जाडी, नळ्यांची संख्या, पिनांची जागा शेजारी ठेवून मोजा. पिन थोडी जरी इकडंतिकडं असली तरी बोल्ट कसताना रेडिएटर वाकून बसतो.

नवा बसवताना बुश, कॅप, थर्मोस्टॅट आणि होस एकदमच बदला. ब्लॉकमधला गाळ आधी धुऊन काढा. काढलेलं कूलंट गटारात किंवा जमिनीवर ओतू नका, ते चवीला गोड आणि जनावरांना विषारी असतं. भरताना गाडीचं तोंड उंच ठेवा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, हवा निघेपर्यंत थांबा, कारण अडकलेल्या हवेच्या जागी वाफ होते आणि तिथलं हेड जळतं. मग हातपंपानं कॅपच्या दाबाइतका दाब देऊन पंधरा मिनिटं काटा बघा. शेवटी व्होल्टचं मोजमाप पुन्हा घ्या, सगळे दिवे आणि ब्लोअर लावून, आणि आकडा तारखेसह बॉनेटच्या आत चिकटवून ठेवा. एका महिन्यानं तोच आकडा परत मोजा आणि थंड गाडीचा होस सकाळी दाबून बघा. आकडा चढलेला असेल किंवा होस कडक लागला, तर पाणी ठिबकायची वाट न बघता तपासणी पुन्हा सुरू करा.